अप्पांचा डावा हात

हुरड्याची कणसं घरात आली की साऱ्या सोलापुराला आनंद होतो, मला आधी राग येतो. परवाही तसंच झालं. शेजारच्या पार्वताक्कांनी सूपभर कणसं आणून ओसरीवर ठेवली. "निखारे हायेत का गं चुलीत? कवळी हायेत बघ, लगेच भाज," म्हणाल्या. मी हसून सूप उचललं आणि आत नेऊन ठेवलं. मार्गशीर्षातली उतरती दुपार, अंगणात ऊन पण पाठीला गारवा, गिरणीचा भोंगा नुकताच होऊन गेलेला, पलीकडच्या पेठेतून हातमागांची खटखट, आणि चार घरांतून येणारा गोवऱ्यांचा धूर. एवढं सगळं जमून आलं की मला रत्नाबाई आठवतात. रत्नाबाईंनी माझं काहीही वाईट केलेलं नाही. खरी अडचण तीच आहे. वाईट केलं असतं तर राग केव्हाच निवला असता.

मत्सर हा शब्द मी मुलींच्या शाळेत फळ्यावर लिहून देते. "दुसऱ्याचं चांगलं न बघवणं," असा अर्थ सांगते आणि मुली पाटीवर उतरवून घेतात. अर्थ बरोबर आहे, पण अपुरा आहे. सवतीचा मत्सर मला ठाऊक नाही. नवराच फार दिवस टिकला नाही, तर सवत कुठली यायला! जावेचा नाही, नणंदेचा नाही. मला मत्सर वाटला तो एका नर्सबाईचा, आणि तोही माझ्या म्हाताऱ्या वडिलांवरून. कुणाला सांगितलं तर लोक हसतील. हसू देत.

त्या वर्षी श्रावणात अप्पांवरून वारं गेलं. आमचं सुताचं दुकान होतं. अप्पा गादीवर बसून सुताची लडी बोटांत घेऊन बघत होते, आणि ती लडी हातातून खाली पडली. उचलायला गेले तर हातच उचलेना. चौघांनी घरी आणलं तेव्हा तोंड वाकडं झालं होतं आणि डावं अंग लुळं. वैद्य झाले, डॉक्टर झाले, तेलं झाली. दिवाळीपर्यंत तोंड सरळ झालं, बोलणं स्वच्छ आलं, पाय ओढत का होईना पण भिंत धरून चालू लागले. डावा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. सगळे म्हणाले, तो गेला.

घरात अप्पा आणि मी, दोघंच. आई आधीच गेलेली. थोरला भाऊ मल्लूअण्णा हुबळीला अडतीच्या धंद्यात. मी बाविसाव्या वर्षी कपाळ मोकळं घेऊन अक्कलकोटच्या पलीकडच्या सासरहून परत आले, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत माझ्याकडे कुणाचं काही काम नव्हतं. म्हणजे स्वयंपाक होता, झाडलोट होती; पण माझ्यावाचून कुणाचं अडतंय असं काही नव्हतं. अप्पा आजारी पडले आणि माझ्यावाचून अडायला लागलं. मी त्यांना उठवून बसवायची, दात घासून द्यायची, अंघोळ घालायची, बाराबंदीचे बंद बांधायची, भाकरी दुधात कुस्करून घास भरवायची. पाणी प्यायचं तरी भांडं मी ओठाला लावायची. अप्पा "साकु, साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे. आणि मी आणखी एक घास भरवायची. खरं सांगते, त्या चार महिन्यांइतकं सुख मला सासरी-माहेरी कधी झालं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मला करता येत नव्हती. आम्ही लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या करंड्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं विभूती लावायची, बेल वाहायचा, आणि मग तोंडात पाणी घालायचं. ही पूजा ज्याची त्यानंच करायची असते. बापाची मुलीनं करून चालत नाही. आणि लिंग हातातून पडणं म्हणजे तर विचारूच नये. आमच्याकडे जीव गेला तर लोक रडतात, लिंग पडलं तर गप्प होतात. तेव्हा मी युक्ती काढली. अप्पांचा डावा तळहात मी माझ्या तळहातावर धरायची. खाली माझा हात, वर त्यांचा, त्यावर लिंग. घरी येणाऱ्या सगळ्यांनी वाखाणलं. जंगमस्वामी म्हणाले, पोरगी पुण्यवान. पण त्या भीतीपायी चार महिन्यांत त्या हाताला एकटं असं कुणी ठेवलंच नाही, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

दिवाळी झाल्यावर अण्णाचं पत्र आलं. अण्णाचं पत्र म्हणजे दुकानाच्या मालाची यादी. लोभ, माया शेवटच्या ओळीत. लिहिलं होतं, सोलापूरच्या इस्पितळातल्या एका शिकलेल्या नर्सबाईंना कळवलं आहे. त्या आठवड्यातून तीनदा येतील आणि अप्पांना काय जमतं, काय जमत नाही ते नीट पाहतील. उठणं, चालणं, जेवणं आपलं आपण होत असेल, तर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेस येईन तेव्हा अप्पांना हुबळीस घेऊन जाईन. घराला कुलूप लावू. तू सासरी जा. तुझे दीर दोनदा विचारून गेले. जमत नसेल तर मात्र त्यांना तिथंच राहू दे, इथं तुझ्या वहिनीला पोरांतून उसंत नाही.

पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं. मी ते घडी करून देवळीत ठेवलं आणि चुलीपुढे जाऊन बसले. सासरी मला काय होतं ते इथं लिहीत नाही. तिथल्या विहिरीवर पाणी ओढताना मला पाण्याकडे फार वेळ बघायची सवय लागली होती, एवढंच लिहिते. तेव्हा हिशेब उघड होता. अप्पा बरे झाले तर मी गेले. अप्पा असेच राहिले तर मी राहिले. मला अप्पा असेच हवे होते. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

रत्नाबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी दारातूनच त्यांना वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पांढरंशुभ्र लुगडं, पायांत काळे बूट, हातात कातड्याची पिशवी, छातीशी टाचलेलं छोटं घड्याळ. विणकरांच्या घरातली तेलुगू बाई. नवरा मागावर बसल्या बसल्या खोकून खोकून गेला, मग ही इस्पितळात शिकायला राहिली. म्हणजे कपाळ माझ्यासारखंच मोकळं. पण चालणं असं की रस्ता तिच्यासाठीच केलाय. तिच्या बुटांचा मला पहिल्याच दिवशी राग आला.

आधी मला बसवून त्यांनी विचारलं. वही उघडली, पेन्सिल काढली. "आपलं आपण उठून बसतात?"

"न्हाय."

"घास स्वतः घेतात?"

"न्हाय. मी भरवते."

"परसात जाताना?"

"मी धरते की."

"माणसं वळखतात? वार, तिथी?"

"कधी वळखतात, कधी न्हाय," मी म्हणाले. हे धादांत खोटं होतं. अप्पांना तिथी पंचांगाआधी ठाऊक असायची.

रत्नाबाईंनी सगळं लिहून घेतलं, आणि वही मिटून म्हणाल्या, "बरं. हे तुमी सांगितलेलं झालं. आता मी बघते." आणि माझ्याकडे पाठ करून अप्पांच्या बाजेपाशी गेल्या. "अप्पा, मी रत्ना. तुमच्या दुकानातनं माझा सासरा सूत न्यायचा. आज काय वार?"

"शुक्रवार. आन् तुझा सासरा सूत न्यायचा आन् दरवेळी म्हणायचा, धागा तुटतोय." अप्पा हसले. श्रावणापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

मग तिनं बाराबंदीचा एक बंद सोडला आणि म्हणाली, बांधा. मी पुढे झाले तर हात आडवा केला. "ताई, तुमी बसा. त्यांना करू द्या की." उजव्या हातानं, दातांनी, मानेनं, कशाकशानं अप्पा त्या बंदाशी झोंबत होते. कपाळावर घाम आला. मला बघवेना. बंद काही बांधला गेला नाही, पण रत्नाबाईंनी वहीत काय लिहिलं, तर मी मान उंच करून वाचलं: 'डावा अंगठा हलवतात.' चार महिने मी तो हात धुतला होता, पुसला होता, तेल लावलं होतं. अंगठा हलतो हे मला माहीत नव्हतं. मला माहीत नाही आणि हिला तासाभरात कळलं! त्या दिवशी तिला चहा दिला तो आमच्या नेहमीच्या पेल्यात नाही, परसातल्या वेगळ्या कपात. तिनं तो पिऊन, धुऊन पालथा घातला आणि "येते" म्हणून गेली. अप्पांनी तो कप पाहिला होता.

थंडी वाढत गेली. सकाळी तळ्यावरून येणारा वारा कानाला झोंबायचा. बाजारात ओला हरभरा आला, बोरं आली, आणि आमच्या घरात सुताच्या कांड्या आल्या. ही रत्नाबाईंची तऱ्हा. इस्पितळात त्या कागदाचे बोळे धरायला देत असतील. इथं त्या पिशवीतून सुताची कांडी काढायच्या आणि अप्पांच्या डाव्या तळहातावर ठेवायच्या. घड्याळ बघायच्या. कांडी गडगडत खाली जायची, त्या उचलून परत ठेवायच्या. मग अप्पांना डोळे मिटायला लावून डाव्या बोटांत नुसता धागा द्यायच्या: सांगा, किती नंबरचं? नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक. पहिल्या आठवड्यात अप्पा म्हणाले, "हातात काय हाय का न्हाय तेच कळंना." तिसऱ्या आठवड्यात म्हणाले, "वीस नंबर." आणि त्यानंतर एका दिवशी धागा अंगठ्यानं चोळून बघत म्हणाले, "चाळीस नंबरचं म्हणून कुणी इकलं गं तुला हे? बत्तीसचं हाय. फशिवलं तुला." दोघं खोखो हसले. मी आत भाकरी थापत होते. तव्यावरची भाकरी करपली.

मला सूत ओळखायला त्यांनी कधी शिकवलं नाही. लहानपणी दुकानात गेले तर म्हणायचे, "जा, आईजवळ जा." आणि या बाईशी तासन् तास सुताच्या गोष्टी. मी ऐकायची. कुठल्या वर्षी प्लेगात दुकान बंद ठेवून माळावर झोपड्यांत राहिलो. तरुणपणी गड्ड्याला नंदीध्वजाची उंच, जड काठी कशी पेलली, कमरेचा पट्टा कसा आवळायचा, वारा आला की हातानं नाही, पोटरीनं कसं सावरायचं. हे मला अठ्ठावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याशी अप्पा काय बोलायचे? "साकु." "गार हाय." "लई झालं." तिला एक माणूस मिळाला आणि मला एक आजारी म्हातारा, आणि तो आजारी म्हातारा राहावा म्हणून मीच धडपडत होते. हे तेव्हा कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच जास्त जळत होते.

मी लबाड्या केल्या. ती यायच्या वेळेआधी अप्पांना पोटभर दूधभाकरी भरवायची, म्हणजे त्यांना पेंग यावी. बाजेजवळची काठी सरकवून कोपऱ्यात ठेवायची. एकदा तर दाराला आतून कडी घातली आणि रत्नाबाई बाहेरून दार वाजवत असताना परसात जाऊन उभी राहिले. आत अप्पा ओरडले, "नीलव्वा! दार उघड की! ती आली!" त्यांचा तो आवाज. इतका मोठा आवाज त्यांनी माझ्या नावानं कधी काढला नव्हता, आणि काढला तो तिच्यासाठी.

मग कणसं आली. आमच्या वाटेकऱ्यानं वळसंगहून पोतंभर धाडली होती. परसात खड्डा करून गोवऱ्यांचा विस्तव केला, अप्पांना उन्हात घोंगड्यावर बसवलं. हुरडा खायची एक रीत असते. कणीस निखाऱ्यांत फिरवायचं, आणि गरम गरम असतानाच दोन्ही तळहातांत धरून चोळायचं. मग फुंकर मारली की कोंडा उडतो आणि हिरवे मऊ दाणे हातात राहतात. तिळाची नाही तर शेंगांची चटणी, गूळ, आणि वर ताक. त्या वर्षी मी चोळत होते आणि अप्पांच्या तोंडात घालत होते. तेवढ्यात रत्नाबाई आल्या. त्यांचा दिवस नव्हता. "वास आला म्हणून आले," म्हणाल्या, बूट काढून ठेवून घोंगड्याच्या कडेला बसल्या, आणि विस्तवातलं एक कणीस काढून सरळ अप्पांच्या दोन हातांमध्ये ठेवलं.

"भाजंल त्यांना!" मी ओरडले.

"भाजू दे की थोडं. भाजलं तर कळंल हात हाय म्हणून."

अप्पांनी डावा हात उचलला. हळू, पण उचलला. कणसावर ठेवला. एकदा चोळलं, कणीस निसटलं. पुन्हा धरलं. चोळत गेले, चोळत गेले, गालफडं ताणून, जीभ दातांत धरून. दाणे सुटले. मग डावा हात ओंजळीसारखा करून त्यांनी त्यात दाणे घेतले आणि फुंकर मारली. कोंडा उडून माझ्या तोंडावर आला. मी डोळे चोळले आणि उघडले, तो अप्पांनी हात पुढे केलेला. पहिली मूठ. ती मूठ त्यांनी रत्नाबाईंना दिली.

एवढंच झालं. पाचपन्नास दाणे. पण मी उठले, ताकाचं भांडं उचललं आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर त्या बोलत होत्या, अप्पा हसत होते. मला वाटलं, ही बाई मरून जावी. असं वाटलं, आणि वाटल्यावर लाज आली नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांची गोष्ट. पहाट फुटून उजाडलं होतं. मी विहिरीवरून घागर घेऊन आले. नेहमी मी येऊन, हातपाय धुऊन अप्पांच्या समोर बसायची आणि मग पूजा व्हायची. त्या दिवशी वाटेत पार्वताक्का भेटल्या म्हणून थोडा उशीर झाला होता. माजघराच्या दारात आले आणि पाय तिथंच थांबले. अप्पा पाटावर बसले होते. डावा हात छातीसमोर धरलेला. त्यावर लिंग. खाली कुणाचा हात नव्हता. उजव्या हातानं त्यांनी बेलाचं पान वाहिलं, डोळे मिटले, ओठ हलत राहिले. हात जरासुद्धा कापला नाही. घागर माझ्या कमरेवर होती, ती उतरवायचंही मला सुचलं नाही. मग त्यांनी लिंग करंड्यात ठेवलं, करंडा गळ्यात घातला, भिंत धरून उठले आणि बाजेवर जाऊन पडले. मी पावलं वाजवत आत गेले तेव्हा डावा हात मांडीवर मेल्यासारखा ठेवून म्हणाले, "आलीस? चल, हात धर, पूजा करू."

त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा पूजा केली. माझ्या हातावर हात ठेवून.

रत्नाबाईंना मी ओसरीवर गाठलं. "तुमाला ठाऊक होतं?"

"व्हय. दहा दिस झाले. तुमाला सांगू नको म्हणाले."

"का?"

त्यांनी पिशवीचा बंद लावला, सोडला, परत लावला. "ताई, त्यांना समदं येतंय. तुमच्यासमोर येत न्हाय."

मग मला रडू आलं आणि रडता रडता मी अण्णाचं पत्र, सासर, विहीर, सगळं सांगून बसले, तेही ज्या बाईला परसातल्या कपात चहा दिला तिला. तिनं ऐकून घेतलं. खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. म्हणाली, "मी खोटं लिहिणार न्हाय. वहीत आहे ते आहे. पण मी होऊन बोलणार न्हाय. तुमचा भाऊ येईल तवा त्यानं आपल्या डोळ्यांनी बघावं." इतकी सरळ बाई. तिचा तेवढा सरळपणाही मला सोसला नाही.

भोगीच्या दिवशी अण्णा आला. बाहेर गल्लीत गड्ड्याची गर्दी, "हर हर" चालू, घरात बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि भोगीची भाजी. अण्णानं ट्रंक ठेवली, पाय धुतले आणि म्हणाला, "चला, बघू तरी अप्पांचं." रत्नाबाईंना त्यानं मुद्दाम बोलावून घेतलं होतं, त्या ओसरीच्या खांबाशी वही घेऊन उभ्या होत्या. अप्पा पाटावर बसले. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. मी ठरवलं होतं की पुढे व्हायचं नाही. व्हायचं ते होऊ दे. सासरी जाईन. एकदा तरी अप्पांनी माझ्यासमोर ते करून दाखवावं, मला दाखवावं, एवढंच मला हवं होतं.

अप्पांनी करंडा उघडला. अण्णाकडे पाहिलं, रत्नाबाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "नीलव्वा, हात धर गं. पडंल."

मी गेले. हात खाली धरला. त्यांनी वर हात ठेवला आणि तो हात असा थरथरायला लागला की बेलाचं पान दोनदा खाली पडलं. अण्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला काय कळणार? माझ्या तळहाताला कळत होतं. त्यांचा हात माझ्या हाताला नुसता शिवत होता, त्याचा भार माझ्यावर मुळीच नव्हता.

अण्णा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. हितंच ऱ्हाऊ दे त्यांना. नीलू हाय तोवर काळजी न्हाय." वही त्यानं बघायला मागितलीच नाही. रत्नाबाईंनी ती पिशवीत टाकली. "येते अप्पा," म्हणाल्या. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. आणि मला काय वाटलं? आनंद झाला. जिंकल्याचा आनंद. तिच्यासमोर, तिनं शिकवलेला हात त्यांनी माझ्यासाठी लपवला. मी तिच्या पाठीकडे बघत उभी होते आणि आतून नाचत होते.

अण्णा हुबळीला गेल्यावर मी विचारलं, "अप्पा, का केलंत हो असं?"

ते म्हणाले, "तिकडं गेलो असतो तर मी चाललो असतो, जेवलो असतो. तू कुटं गेली असतीस?"

आता यापुढे लिहिण्यासारखं थोडं आहे आणि तेच अवघड आहे. गल्लीत चार डोळे होते, अण्णा उगादीला, म्हणजे पाडव्याला, येणार होता. तेव्हा लोकांसमोर सोंग ठेवणं भागच होतं. पण दार लावल्यावर कोण बघत होतं? दार लावून मी म्हणू शकले असते, अप्पा, घ्या हा घास आपल्या हातानं. मी म्हटलं नाही. मी भाकरी कुस्करत राहिले. त्यांनी माझ्यासाठी हात लपवला होता आणि मला तो लपवलेलाच आवडला. ते तोंड उघडायचे, मी घास घालायची. आणि न वापरलेला हात हळूहळू खराच जड होत गेला. पुढच्या कार्तिकापर्यंत पूजेच्या वेळी माझ्या तळहातावर त्यांचा सगळा भार येऊ लागला. आणखी दोन वर्षं ते होते. त्या दोन वर्षांत आम्ही कुणीच काही लपवत नव्हतो. ते गेल्यावर मी मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, म्हणून सासरी जायचं टळलं.

पण मला राहून राहून आठवतो तो फाल्गुनातला एक दिवस. अण्णा जाऊन दीडेक महिना झाला असेल. ऊन तापू लागलं होतं. दुपारी दारात रत्नाबाई उभ्या राहिल्या. अण्णानं त्यांचं येणं बंद केलं होतं. त्या आपल्या आपण आल्या होत्या. बुटांवर धूळ. म्हणाल्या, "ह्या आळीत एक बाळंतीण हाय, तिकडं आले होते. अप्पांना बघून जाते."

मी दारातून हलले नाही. "झोपलेत," म्हणाले.

त्यांनी माझ्या खांद्यावरून आत बघायचा प्रयत्न केला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि गेल्या. मी दार लावून आत आले.

अप्पा जागे होते. बाजेवर नव्हते. तिचा आवाज ऐकून ते उठले होते, भिंतीपर्यंत गेले होते, श्रावणापासून खुंटीवर लटकलेला रुमाल त्यांनी काढला होता आणि आरशापुढे उभे राहून तो डोक्याला बांधत होते. दोन वेढे झाले होते. तिसरा घ्यायला दोन्ही हात डोक्यावर उचललेले होते, उजवाही आणि डावाही.

"ती आली की?" त्यांनी आरशातूनच विचारलं.

"न्हाय," मी म्हणाले. "दुसरंच कोण तरी होतं."

ते हात तसेच वर राहिले. मग आधी डावा खाली आला, मग उजवा. "बरं," ते म्हणाले, आणि बाजेवर येऊन बसले. माझ्यापुढे मान वाकवून म्हणाले, "मग सोड हे."

मी ते दोन वेढे सोडवले, रुमालाची घडी केली आणि खुंटीवर टांगला. त्यानंतर अप्पांचा डावा हात तेवढा वर गेलेला कुणी पाहिला नाही.